वाचक मोजायचे किती, पाहायचे किती?

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील काही पुनरुक्ती काढून येथे देत आहोत.)



मला दिलेला विषय असा आहे: आपल्या ऑनलाइन मासिकावर या क्षणी कोण आले आहे, हे दाखवणारी फुकट साधने कोणती? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा विषय माझ्याकडेच यायचा होता. चार नावे सांगून खाली बसलो तर दहा मिनिटांत काम होईल. पण आपल्या संपादन समितीसमोर सध्या दोन सूचना आहेत. पहिली, मदत मागणाऱ्या महिलांसाठी जे पान आपण केले आहे, त्यावरही हे मोजणीचे साधन लावावे, म्हणजे किती जणी येतात ते कळेल. दुसरी, नंदुरबार जिल्ह्यातून वाचकांचा आकडा जवळजवळ शून्य दिसतो, तेव्हा इथले सदर बंद करून ती शक्ती मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी लावावी. दोन्ही सूचना चांगल्या मनाने आल्या आहेत. माझा दोन्हींना विरोध आहे. तो का, हे सांगायचे तर हे यंत्र मोजते कसे, तिथूनच सुरुवात करावी लागेल.

तुम्ही फोनवर एखादे पान उघडता तेव्हा तुमचा फोन त्या पानाच्या सर्व्हरकडे मागणी पाठवतो. ते पान परत यायचे तर पत्ता लागतो, म्हणून मागणीबरोबर तुमचा आयपी पत्ता जातो. शिवाय फोन कोणता, ब्राउझर कोणता, भाषा कोणती, आणि पुष्कळदा आधी कोणत्या पानावर होतात, हेही जाते. हे सगळे तुम्ही काही न करता जाते. सर्व्हर त्याची एक ओळ वहीत लिहून ठेवतो. या वहीला लॉग म्हणतात. ती वाचून दाखवणारे ‘गोअ‍ॅक्सेस’सारखे मोफत साधन आहे. काळ्या पडद्यावर एकेक भेट येताना दिसते. ही जुनी पद्धत.

नवी पद्धत म्हणजे पानात दोन-तीन ओळींचा कोड चिकटवणे. पान उघडले की तो कोड वाचकाच्याच फोनमध्ये चालतो आणि तिसऱ्याच कोणाला तरी कळवतो, की आत्ता इथे एक जण आला. आयर्लंडमधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने १९९९ साली ‘स्टॅटकाउंटर’ सुरू केले ते याच तत्त्वावर. गुगलने २००५ साली ‘अर्चिन’ नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘गुगल अ‍ॅनालिटिक्स’ फुकट वाटायला काढले. तोवर मोठ्या कंपन्या अशा मोजणीला पैसे मोजत होत्या. २०११ साली त्यात ‘रिअलटाइम’ आले. आज त्या पडद्यावर मागच्या तीस मिनिटांत किती जण होते, मिनिटागणिक किती, कोणत्या शहरातून, कोणत्या पानावर, हे सगळे हलताना दिसते.

हे पाहणे फार गोड असते, हे कबूल करायला हवे. क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे लेखक बघत बसतात. लेख टाकला, गटात लिंक पाठवली, आणि आकडा सातचा अकरा झाला की चहा थंड होतो. नंदुरबारला माझे एक चुलतमामू आहेत, मिरचीच्या व्यापारात आयुष्य गेले त्यांचे. ते मला अहिराणीत एवढेच विचारतात, “कितला लोके वाचतस?” मिरचीच्या पथारीवर बसलेल्या माणसाला आवक विचारायची सवय असते. पण मिरची वजनकाट्यावर पडते, वाचक पडत नाही. इथेच दुसऱ्या सूचनेचा विचार करू.

‘नंदुरबार: शून्य’ हा आकडा कुठून येतो? यंत्राला गाव कळत नाही. त्याला आयपी पत्ता कळतो, आणि तो पत्ता कोणत्या शहराच्या नावावर आहे हे एका यादीत पाहून ते अंदाज करते. आता जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटी. मोबाइल कंपन्यांना ते पुरत नाहीत, म्हणून एकेका पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक उभे केले जातात. एका पोस्टाच्या पेटीवर सगळ्या मोहल्ल्याची पत्रे यावीत तसे. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, पत्त्यांची टंचाई नाही. पण तिथेही पत्त्याची नोंद बहुधा कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या शहरावर होते. तळोद्याच्या बसस्टँडवर बसून मोबाइल डेटावर तुम्ही आपला लेख उघडलात, तर पडद्यावर मुंबई दिसेल, पुणे दिसेल, एखाद्या वेळी अहमदाबादही. घरात किंवा शाळेत तारेवरचे इंटरनेट असेल तर गाव बरोबर यायची शक्यता थोडी जास्त. पण आपल्या जिल्ह्यात मोबाइलवरच वाचणारे अधिक, हे या सभागृहात हात वर करून बघितले तरी कळेल.

नवापूरचे रेल्वे स्टेशन तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. बाकावर बसलेला माणूस अर्धा या राज्यात, अर्धा त्या राज्यात. तिथे माणसाला निदान रंगवलेली रेघ दिसते, यंत्राला तीही दिसत नाही. त्यात आपल्याकडचे किती लोक उसाच्या तोडीला, बांधकामाला सुरत-बारडोलीकडे जातात. फोन खिशात घेऊनच जातात. त्यांनी तिथे बसून धडगावची बातमी वाचली तर ती गुजरातच्या खात्यात जमा. ती बातमी त्यांना सर्वांत जास्त हवी आहे, कारण घर इथे आहे.

आणखी एक. आपला लेख व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकने जातो, त्यापेक्षा मजकूर कॉपी होऊन जास्त जातो. कोणी त्याची पीडीएफ करतो, कोणी चक्क स्क्रीनशॉट काढतो. यांतले काहीही मोजले जात नाही. घरात एक फोन, मुलगी मोठ्याने वाचते आणि चार बायका ऐकतात, तर यंत्राच्या लेखी एक भेट. तोरणमाळकडच्या डोंगरात सिग्नल इतका मंद की मजकूर येतो आणि मोजणीचा कोड यायच्या आत रेंज जाते, तर वाचून झाले तरी भेट शून्य. उलट पुण्यातला एक जण फोन, ऑफिसचा संगणक आणि घरचा लॅपटॉप अशा तीन ठिकाणी उघडतो, तर त्याचे तीन वाचक होतात. म्हणजे चूक सगळीकडे सारखी नाही. ती ठरावीक बाजूला झुकलेली आहे, आणि ज्यांच्याकडे साधने कमी त्यांच्याविरुद्ध झुकलेली आहे. जिल्ह्याचे सदर बंद करायचे तर लेखक मिळत नाहीत म्हणून करा, पैसे नाहीत म्हणून करा. या आकड्यावर करू नका.

मग इथले वाचक मोजायचेच नाहीत का? मोजता येतात, पण थोडे हातपाय हलवावे लागतात. लिंकच्या शेवटी एक छोटी खूण जोडता येते. तिला यूटीएम म्हणतात. यातला ‘यू’ म्हणजे तीच जुनी अर्चिन कंपनी, कंपनी गेली पण नाव राहिले. शहाद्याच्या गटात पाठवायच्या लिंकला ‘शहादा’ अशी खूण, नवापूरच्या गटाला ‘नवापूर’. मग आयपी पत्ता कोणत्याही शहराचा दिसो, ती भेट शहाद्याच्या गटातून आली हे कळते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली माणसे एरवी यंत्राला ‘थेट’ आलेली वाटतात, तेही यामुळे सुटते. यात कोणा माणसाची ओळख पकडली जात नाही. निरोप कोणत्या दारातून आला तेवढेच कळते. आमच्या कंपनीत जाहिरातवाले रोज हेच करतात, आपण का करू नये?

आता पहिली सूचना. ती माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

आपल्या मदत पानावर कोण येते? घरात मारहाण सहन करणारी, पोटगीसाठी विचारणारी, मुलाचा ताबा कसा मिळतो हे वाचणारी बाई येते. ती रात्री येते, घर झोपल्यावर. आता मोजणीचा पडदा काय दाखवेल त्याची कल्पना करा: अक्कलकुवा, अमुक कंपनीचा अमुक मॉडेलचा फोन, रात्री ११ वाजून ४० मिनिटे, मदत पान, नऊ मिनिटे थांबली, मग पोटगीचा लेख. नाव नाही. मुंबईत अशी ओळ कोणाची ते सांगता येणार नाही. पण गाव बरोबर पकडले गेले असेल आणि पडदा बघणारा कार्यकर्ता त्याच गावचा असेल तर? त्या मॉडेलचा फोन कोणाकडे आहे, कोणत्या घरात भांडण चालू आहे, हे त्याला माहीत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्पलाइनवर फोन आला, की दोन्ही टोके जुळली. मघाशी मी म्हणालो की गाव बहुधा चुकते. हो, बहुधा. त्या चुकीच्या भरवशावर मी कोणाच्या बहिणीची सुरक्षितता ठेवणार नाही.

अमेरिकेतल्या लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले होते, की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटे वेगळे काढता येते. नाव काढून टाकले म्हणजे माणूस झाकला गेला असे नाही. वस्ती जितकी लहान, तितके हे सोपे.

आणि काही साधने याच्याही पुढची आहेत. ‘मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी’ नावाचे साधन २०२० पासून सर्वांना फुकट आहे. वाचकाने बोट कुठे ठेवले, कुठे थांबला, पान कसे वरखाली केले, हे सगळे चित्रफितीसारखे परत बघता येते. दुकानाच्या संकेतस्थळाला त्याचा खरोखर उपयोग होतो; फॉर्मच्या रकान्यात लिहिलेले अक्षर ते आपोआप झाकते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तक्रारीच्या पानावर बाई ‘पोलीस’ या बटणावर तीनदा बोट नेते आणि परत फिरते, हे बघण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणखी एक जुना प्रकार म्हणजे पानाच्या कडेला लावायची ‘थेट भेटींची’ पट्टी. ‘फीडजिट’ नावाने ती पंधरा-सोळा वर्षांपूर्वी फार चालायची. अमुक गावचा वाचक आत्ता अमुक लेख वाचत आहे, असे ती साऱ्या जगाला दाखवायची. आपल्या मासिकाच्या उर्दू विभागात अजून एक फिरता जगाचा गोल आहे, त्यावर ठिपके लुकलुकतात. दिसायला छान आहे. तो काढावा अशी माझी विनंती आहे.

हे बोलणे नंदुरबारमध्ये होते आहे याला एक अर्थ आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. सरकारच्या मोजणीत एकेका माणसाला कायमचा क्रमांक मिळाला, तो इथून. पुढे त्याच योजनेविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. आधार योजना त्यानंतरही राहिली, २०१८ च्या निकालाने तिला मर्यादा घातल्या. पण तो अधिकारही राहिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. संमती घ्यायची ती मोकळी, नेमकी, समजून दिलेली हवी, आणि तिची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचता यायला हवी, असे तो कायदा म्हणतो. म्हणजे मराठी आहे, उर्दू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला तर त्यात मनाईच आहे. आपल्या शिष्यवृत्तीच्या पानावर बहुतेक अकरावी-बारावीची मुले येतात, हे लक्षात घ्या.

युरोपात तर ऑस्ट्रियाच्या आणि फ्रान्सच्या डेटा यंत्रणांनी २०२२ मध्ये गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या काही वापरांवर बोट ठेवले, कारण माहिती अमेरिकेत जात होती. गुगल खलनायक आहे असे मी म्हणत नाही. त्यांच्या नव्या आवृत्तीत आयपी पत्ता साठवला जात नाही. साधन ताकदीचे आहे. पण ते जाहिरातदारांसाठी घडवलेले आहे, आपण त्याच्या घरात भाडे न देता राहतो, आणि न दिलेले भाडे वाचकाच्या माहितीतून फिटते.

मग पर्याय? ‘मॅटोमो’ आहे, पूर्वी त्याचे नाव ‘पिविक’ होते. ते आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, माहिती आपल्याकडेच राहते, त्या क्षणीच्या भेटी दिसतात. पण ते सांभाळायला, वेळोवेळी अद्ययावत करायला माणूस लागतो. माणूस नसेल तर बसवू नका. दुरुस्ती न केलेले सॉफ्टवेअर हे उघडे दार आहे. ‘उमामी’ हलके आहे, तेही स्वतः बसवायचे. ‘प्लॉसिबल’चा कोड खुला आहे, पण त्यांच्याकडे खाते घेतले तर पैसे पडतात. आपल्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते ते ‘गोटकाउंटर’. नाव गमतीचे आहे, बकऱ्या मोजणारा. हे २०१९ मध्ये आले, छोट्या संकेतस्थळांना मोफत आहे, कुकी ठेवत नाही, एकेका माणसाचा माग काढत नाही. त्याचा कोड सुमारे साडेतीन केबीचा. गुगलचा त्याच्या कितीतरी पट. धडगावच्या नेटवर्कवर हा फरक जाणवतो. मांडणी रूक्ष आहे, गुगलसारखे रंगीत तक्ते नाहीत. ते बरेच आहे, लोक कमी वेळ बघत बसतील.

त्या क्षणीचा आकडा लागतो कधी? माझ्या मते फार थोड्या वेळा. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख उद्या आहे, आपण सात गटांत लिंक टाकली, आणि अर्ध्या तासात एकही जण आला नाही, तर लिंक तुटली आहे हे लगेच कळते. त्या वेळी आकडा मोलाचा आहे. मध्यरात्री अचानक तीन हजार भेटी आल्या तर एखादा लेख कुठल्यातरी भांडखोर गटात फिरतो आहे किंवा यंत्रे येऊन धडकत आहेत, हेही लवकर कळलेले बरे. त्या तीन हजारांना वाचक समजून वार्षिक अहवालात घालू नये एवढेच. एरवी आठवड्यातून एकदा बघितले तरी पुरते.

याची मला दुसरीही भीती आहे. आपण तलाक किंवा हिजाबवर काही लिहिले की आकडा उडी मारतो. त्यात आपल्याला शिव्या घालायला आलेले दोन्ही बाजूंचे लोक असतात. रेशन कार्डातले नाव कसे दुरुस्त करायचे, जातीच्या दाखल्याला कोणते जुने कागद चालतात, यावरचा लेख महिनोन्‌महिने दिवसाला चार-पाच जण उघडतात. त्या चार-पाच जणांना त्याच दिवशी तहसील कचेरीत जायचे असते. हलता आकडा रोज समोर ठेवला तर संपादक नकळत पहिल्या प्रकाराकडे सरकतो. मोठ्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांचे मथळे बघा, काय झाले आहे ते कळेल. आपल्याला जाहिरातीचे पैसे मिळवायचे नाहीत, मग ती घसरण आपण फुकटात का घ्यावी?

माझे म्हणणे आता ठरावाच्या भाषेत ठेवतो, म्हणजे चर्चा सोपी होईल. लेखांच्या पानांवरचा सध्याचा कोड काढून गोटकाउंटर लावावा. देशाखालच्या प्रदेशांची नोंद त्यात बंद ठेवावी, देश कळला तरी पुष्कळ. प्रत्येक तालुक्याच्या गटाला वेगळ्या खुणेची लिंक द्यावी. मदत पान, तक्रारीचा फॉर्म आणि तिथून निघणारे कायद्याचे लेख यांवर कोणताही कोड नसावा. सर्व्हरच्या लॉगमधूनही त्या पानांच्या ओळी गाळाव्यात, ते दोन ओळींचे काम आहे, मी करून देतो. किती जणींनी मदत मागितली हा आकडा हेल्पलाइनवरच्या आपा देतील. तो खरा आकडा आहे, आणि तो त्यांच्या वहीत आहे. त्या पानावर एक मोठे बटण ठेवू, दाबले की लगेच हवामानाचे साधे पान उघडेल. कारण बाईला खरा धोका गुगलपेक्षा खांद्यावरून फोन बघणाऱ्याचा आहे. ब्राउझरचा इतिहास कसा पुसायचा हेही तिथेच मराठीत आणि उर्दूत लिहू.

एक काम मात्र ठरावाची वाट न बघता आजच करायचे आहे. सध्याच्या खात्याचा पासवर्ड किती जणांकडे आहे, हे मी विचारले तर नक्की कोणालाच सांगता आले नाही. जे सोडून गेले त्यांच्याकडेही तो असणार. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी दाराजवळच्या टेबलाशी यावे. आपण तो बदलू, दोनच नावे ठेवू, त्यांतले एक हेल्पलाइन सांभाळणाऱ्या आपांचे असावे अशी माझी सूचना आहे. लॅपटॉप आणला आहे, पाच मिनिटे लागतील. आणि उर्दू विभागाच्या भाईंनी तो गोल कोणी लावला होता ते तेवढे शोधून ठेवावे. त्याचे खाते कोणाच्या ईमेलवर आहे, हे मला अजून सापडलेले नाही.